बोलके काँक्रीट, बहिरे दप्तर

१/ काँक्रीट आता आपले दुखणे आपणच सांगेल, अशी घोषणा अभियांत्रिकीच्या परिषदांतून आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून ऐकू येते. काँक्रीटमध्ये विद्युतवाहक तंतू मिसळायचे, त्यातून अल्पसा प्रवाह सोडायचा. तडा पडू लागला की मापन बदलेल आणि इशारा मिळेल. यातील विज्ञान खरे आहे. मात्र ‘यापुढे पूल आणि धरणे अचानक दगा देणार नाहीत’ हा त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष महाराष्ट्राच्या इतिहासापुढे टिकत नाही. त्या निष्कर्षाचा हा पंचनामा, साक्री तालुक्यातील पांझरेच्या काठावरून. थ्रेड.

२/ प्रथम विज्ञान. कोरड्या काँक्रीटमधून वीज जवळजवळ वाहत नाही. ओल असेल तर सूक्ष्म छिद्रांतील पाण्यामुळे थोडी वाहते. त्यात कार्बनचे आखूड तंतू मिसळले की स्थिती पालटते. हे तंतू काही मिलिमीटर लांब आणि माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक असतात. त्यांचे प्रमाणही फार लागत नाही. सिमेंटच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास तंतू असले तरी काँक्रीटच्या विद्युतगुणांत मोजता येण्याजोगा फरक पडतो.

३/ १९९३ साली अमेरिकेतील बफेलो येथील न्यू यॉर्क राज्य विद्यापीठातील पू-वोई चेन आणि डेबोरा चुंग या संशोधकांनी अशा काँक्रीटवरील निबंध प्रसिद्ध केला. त्याचे सार असे : नमुन्यावर ताण आला की त्याचा विद्युतरोध बदलतो. भार काढल्यावर रोध पूर्वपदावर आला, तर काँक्रीटने भार सोसला असे समजावे. पूर्वपदावर आला नाही, तर आत कोठेतरी कायमची इजा झाली आहे.

४/ असे का घडते? खान्देशातील धाब्याच्या घरांच्या भिंती आठवाव्यात. मातीला तडे जाऊ नयेत म्हणून तीत भुसा मिसळतात. तडा गेलाच, तर काड्या दोन्ही बाजूंना धरून ठेवतात. कार्बनचे तंतूही तड्यावर असेच पूल बांधतात, आणि वर वीजही वाहून नेतात. तडा रुंदावला की तंतू काँक्रीटमधून ओढले जातात, संपर्क सैल होतो, रोध वाढतो. दाब आला की संपर्क घट्ट होतो आणि रोध घटतो.

५/ मापनासाठी सहसा चार ठिकाणी जोड देतात. बाहेरच्या दोन जोडांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोन जोडांमधला विद्युतदाब मोजायचा. म्हणजे जोडाचा स्वतःचा रोध हिशेबात घुसत नाही. वरून चिकटवलेला सेन्सर जेथे चिकटवला तेथलेच सांगतो, आणि काही वर्षांनी तो सुटतो. येथे जोडांमधला काँक्रीटचा सारा भागच सेन्सर होतो. या कल्पनेचे आकर्षण यात आहे, आणि ते रास्त आहे.

६/ आता अडचणी. हा रोध केवळ ताणाने बदलत नाही. ओलीने बदलतो, उष्णतेने बदलतो. मे महिन्यात चाळीस अंशांवर तापणारे आणि जुलै–ऑगस्टमध्ये पुरात बुडणारे खान्देशातील बांधकाम एकाच वर्षात अनेक आकडे दाखवील. त्यांतला उन्हाचा कोणता, पावसाचा कोणता आणि तड्याचा कोणता, हे निवडावे लागते. आतील पोलादी सळयाही विजेला वेगळी वाट देतात. यंत्राचा आकडा वाचणारा जाणता माणूस लागतोच.

७/ दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. हे काँक्रीट नव्या बांधकामात ओतता येते. जुन्यावर फार तर थर किंवा ठिगळ म्हणून लावता येते. महाराष्ट्रातील बहुसंख्य धरणे तर मातीची आहेत. साक्री तालुक्यात कान नदीवर मालनगाव, पांझरेवर पिंपळनेरजवळ लाटीपाडा आणि खाली अक्कलपाडा. अशा मातीच्या धरणांत काँक्रीट असते ते मुख्यतः सांडव्यात, दारांच्या खांबांत आणि विमोचकात. भरावाच्या आतून पाणी झिरपू लागले तर सांडव्याचे बोलके काँक्रीट त्याविषयी काय बोलणार?

८/ तरीही ही साधने निरुपयोगी आहेत, असा अर्थ कोणी काढू नये. प्रश्न निराळा आहे. बांधकामे कोसळली ती खूण उमटली नाही म्हणून, की उमटलेली खूण योग्य जागी पोहोचून कृतीत उतरली नाही म्हणून? घोषणा पहिले कारण गृहीत धरते. इतिहास बहुतेक वेळा दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आणि या प्रश्नाचे एक जुने उत्तर पांझरेच्या पात्रातच उभे आहे.

९/ ते उत्तर म्हणजे फड पद्धत. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर, आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, सुमारे तीनशे ते चारशे वर्षांपूर्वी ही सिंचनव्यवस्था रुजली असे मानले जाते. नदीत दगड-चुन्याचा बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंतचे सारंग. भिजणाऱ्या जमिनीचे मोठे भाग पाडलेले असत. त्यांना फड म्हणत. एका फडात एका हंगामात एकच पीक.

१०/ या व्यवस्थेत पंच होते, पाणी वाटणारा पाटकरी होता, राखण करणारा जागल्या होता. पाटकऱ्याला मोबदला मिळे तो शेतकऱ्यांकडून, बहुधा धान्याच्या रूपात. तो रोज पाटाच्या कडेने चाले, कारण पाणी शेवटच्या शेतापर्यंत नेणे हे त्याचे काम होते. पाट कोठे फुटला, बंधाऱ्याच्या कोणत्या सांध्यातून पाणी निसटते आहे, हे चालता चालता त्याच्या नजरेस पडे. पाहणी आणि वाटप ही दोन निराळी खाती नव्हती.

११/ हंगामापूर्वी पाटातला गाळ काढणे आणि डागडुजी करणे हे लाभधारकांचे सामुदायिक काम होते. ज्याचे शेत त्याचे हात. बंधाऱ्यातली गळती कोणाला कळवायची, हा प्रश्न त्यामुळे फारसा उद्भवत नसे. ज्याला ती दिसे, तिचा फटकाही त्यालाच बसे. त्या दगडांत एकही तंतू नव्हता. पण खूण दिसणे आणि दुरुस्ती होणे यांत कमी हातांचे अंतर होते, आणि ते सारे हात एकाच गावचे होते.

१२/ येथे दुसऱ्या बाजूच्या उत्साहालाही आवर घालणे आवश्यक आहे. ‘पूर्वजांकडे सर्व काही होते’ हे वाक्य इतिहासप्रेमी समूहांत फार लवकर टाळ्या मिळवते. फडाच्या पंचांत भूमिहीनांना आणि स्त्रियांना जागा नव्हती. ज्याची जमीन त्याचा आवाज, हाच नियम होता. शिवाय पाटकऱ्याच्या डोळ्यांना पृष्ठभाग दिसे; दगडाच्या आतली पोकळी दिसत नसे. फड आदर्श समाज नव्हता. त्याच्याकडून शिकायचे ते एवढेच : पाहणारा, सोसणारा आणि दुरुस्त करणारा यांना एकत्र ठेवावे.

१३/ फड दुबळे का झाले, तेही पाहावे. नदीवर वरच्या अंगाला धरणे झाली आणि प्रवाहाचा निर्णय गावाबाहेर गेला. विहिरी आल्या, विजेचे पंप आले, ज्याचे त्याचे पाणी वेगळे झाले. सामुदायिक पाटाची गरज उरली नाही तशी त्याची राखणही उरली नाही. काही गावांत फड आजही तग धरून आहेत. जेथे ते मोडले, तेथे आधी माणसांची व्यवस्था मोडली; दगड नंतर निखळले.

१४/ याच पांझरेवर एका प्रसिद्ध अभियंत्याची सुरुवात झाली. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या सहायक अभियंता म्हणून खान्देशात आले. वय विशीतले. पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळाने पाणी पलीकडे नेणारा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. साक्री तालुक्यातील दातर्तीचे नाव या सायफनाशी जोडलेले आहे.

१५/ पाऊस सुरू झालेला, पात्रात पाया खणणे धोक्याचे. काम पावसाळ्यानंतर करावे, असे या तरुण अभियंत्याने वरिष्ठांना कळवले. उत्तरात आज्ञापालनाची आणि शिस्तीची आठवण करून देण्यात आली. पुढे त्यांनी काम हाती घेतले आणि पुरेही केले, म्हणून ही कथा यशोगाथा म्हणून सांगितली जाते. तिचा दुसरा अर्थही नोंदवला पाहिजे. जागेवरच्या माणसाला जे दिसत होते, त्याला कार्यालयाने दिलेले उत्तर तांत्रिक नव्हते. ते शिस्तीचे होते.

१६/ ही वृत्ती वसाहतीच्या राजवटीबरोबर संपली का? १२ जुलै १९६१ हा दिवस त्याचे उत्तर देतो. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण पुरते तयार होण्याआधीच त्या पावसाळ्यात भरू लागले होते. विमोचकाजवळचा भराव खचत चालल्याचे आदल्या दिवशी डोळ्यांना दिसत होते. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून भराव तोलून धरला आणि काही मोलाचे तास मिळवून दिले. सकाळी धरण फुटले. पाठोपाठ खडकवासला गेले आणि पुणे पाण्याखाली गेले.

१७/ पानशेत येथे खूण दिसली नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. ती दिसली म्हणूनच जवान तेथे होते. वाळूच्या पोत्यांनी मिळवलेले ते तास शहर रिकामे करण्यासाठी होते. पण शहरातील बहुसंख्य लोकांना स्पष्ट इशारा वेळेत मिळाला नाही. धरण बोलले होते, धरणावरच्या माणसांनी ऐकले होते, आणि ज्यांचे प्राण पणाला लागले होते त्यांच्यापर्यंत शब्द पोहोचला नाही. मधली ही दरी भरणारा कोणताही तंतू अद्याप निघालेला नाही.

१८/ दुसरे उदाहरण तिवरे. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यातले हे छोटे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील घरे वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. येथे सेन्सरचे काम माणसांनी केले होते आणि चोख केले होते. खूण टिपली गेली, कळवली गेली, आणि दप्तरात जाऊन बसली.

१९/ धरण फुटल्यावर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी त्याचे खापर खेकड्यांवर फोडले. राज्यभर त्यावर विनोद झाले. परंतु त्यातील गंभीर गोष्ट विनोदात हरवली. खेकडे भराव पोखरतात हे क्षणभर मान्य केले, तरी पोखरलेला भराव वेळेत बुजवणे हे काम कोणाचे होते? निसर्गाने दिलेल्या कारणाचा उच्चार केला की माणसाच्या कर्तव्याचा उच्चार टळतो. उद्या काँक्रीटमध्ये सेन्सर असतील, तेव्हा हेच खापर सेन्सरवर फुटेल.

२०/ तिसरे उदाहरण सावित्रीचे, आणि ते बोलक्या काँक्रीटच्या बाजूने साक्ष देते. मुंबई–गोवा महामार्गावर महाडजवळ १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहने अंधारात नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे दगावली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता.

२१/ येथे पाहणाऱ्यांना दिसले नाही. पुलाचे दुखणे बहुधा पाण्याखाली किंवा दगडी बांधणीच्या आत असते, आणि डोळ्यांच्या तपासणीला तेथवर पोहोचता येत नाही. अशा जागी यंत्राची गरज निर्विवाद आहे. मग तो पायाजवळची धूप मोजणारा असो, कलणारा खांब टिपणारा असो, वा डागडुजीत वापरलेल्या वाहक सिमेंटचा थर असो. जो पक्ष यंत्रे नकोच म्हणतो, त्याने सावित्रीच्या काठी उभे राहून तसे म्हणावे.

२२/ मात्र त्याच रात्रीची दुसरी गोष्टही विसरू नये. पूल पडल्यानंतर पुढील वाहने थांबवण्याची धडपड पहिल्यांदा केली ती जवळच्या गॅरेजमधील एका माणसाने. वाहनांचे दिवे पुढे जातात आणि पलीकडे निघत नाहीत, हे त्याच्या लक्षात आले. पूल तुटला की वाहतूक आपोआप बंद होईल, असा एक दिवा किंवा एक फाटक तेथे नव्हते. तेथे कर्तव्य नेमून दिलेली यंत्रणा नव्हती; एक जागा माणूस होता.

२३/ हा दोष केवळ भारताचा, असेही समजू नये. इटलीतील जेनोवा शहरात रिकार्दो मोरांदी यांनी रचलेला आणि १९६७ मध्ये खुला झालेला पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळला. ४३ जण मरण पावले. त्याच्या पोलादी ताणांना काँक्रीटचे कवच होते, त्यामुळे आतला गंज डोळ्यांना दिसत नव्हता. पण त्या ताणांविषयीची चिंता अभियंत्यांनी पूर्वीच व्यक्त केली होती आणि बळकटीकरणाची योजनाही तयार होती. काम सुरू होण्याआधी पूल गेला. संपन्न देशातही कागद आणि कृती यांच्यामध्ये माणसे मरतात.

२४/ आता जेथे व्यवस्थेने काम केले ते उदाहरण. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. कोयनेला सुमारे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण त्याच्या दोन्ही अंगांना तडे गेले. प्रामुख्याने जेथे धरणाचा उतार बदलतो त्या उंचीवर. धरणाच्या आतील मार्गिकेत कंपनमापक यंत्र होते. त्याने अक्षाच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट त्वरण नोंदवले.

२५/ जलाशय भरू लागल्यापासून जाणवणाऱ्या हादऱ्यांमुळे कोयना परिसरात यंत्रे बसवण्यात आली होती. त्या पहाटेची नोंद पुढे जगभरच्या धरण-अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय झाली. येथे नोंद दप्तरात पडून राहिली नाही. तडे बुजवले गेले, धरणाच्या खालच्या अंगाला काँक्रीटचे टेकू उभारून ते बळकट करण्यात आले, आणि ते धरण आजही उभे आहे. यंत्र होते, वाचणारे होते, निधी होता आणि निर्णय झाला. चारही गोष्टी एकत्र आल्या.

२६/ मग कोयनेला जे साधले ते तिवऱ्याला का साधले नाही? तंत्रज्ञान १९६७ पेक्षा २०१९ मध्ये पुढेच होते. फरक धरणाखाली राहणाऱ्यांच्या आणि धरणावर अवलंबून असणाऱ्यांच्या वजनाचा आहे. कोयनेच्या विजेवर मुंबईचे कारखाने चालत. तिवऱ्याच्या खाली एक वाडी होती. सुरक्षेचे शास्त्र सर्वत्र सारखे असते. तिची तातडी मात्र कोणाचे नुकसान होणार यावर ठरत आली आहे. हे कटू सत्य झाकून केवळ काँक्रीटच्या मिश्रणाची चर्चा करणे ही पळवाट आहे.

२७/ म्हणून साक्रीचा विचार या थ्रेडमध्ये केवळ पार्श्वभूमीपुरता नाही. तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात कोकणा आणि भिल्ल समाजाच्या वस्त्या आहेत. तेथे कोल्हापुरी बंधारे आहेत, पाझर तलाव आहेत, ओढ्यांवरचे छोटे पूल आहेत. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. त्याहून छोटी बांधकामे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. महागडे बोलके काँक्रीट प्रथम कोठे पोहोचेल आणि कोठे कधीच पोहोचणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

२८/ या कायद्याने मोठ्या धरणांसाठी पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी, उपकरणे आणि आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला, हे योग्यच झाले. धरण सुरक्षेची राज्याची तांत्रिक यंत्रणा नाशिकला आहे, साक्रीपासून फार दूर नाही. पण आराखडा कोणाच्या भाषेत आहे? पूर आला की कोणत्या वाडीने कोणत्या टेकडीवर जायचे, हे त्या वाडीला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल, तर तो आराखडा तपासणी अधिकाऱ्यांसाठी आहे. पूर त्यांच्या घरात शिरणार नाही.

२९/ तेव्हा मागणी काय असावी? पहिली : कोणत्याही बांधकामात सेन्सर बसवण्यापूर्वी, कोणता आकडा ओलांडल्यावर कोणत्या पदावरील व्यक्ती काय करील, हे लिहून जाहीर करावे. पूल बंद करण्याचा, दारे उघडण्याचा, वाडी हलवण्याचा अधिकार रात्री दोन वाजता कोणाकडे आहे, हे गावाला माहीत असावे. या प्रश्नाला उत्तर नसेल, तर सेन्सरवरचा खर्च शोभेचा आहे.

३०/ दुसरी : मापने मराठीत, समजेल अशा रूपात, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावीत. धोका ज्यांचा, माहिती त्यांची. तिसरी : गावकऱ्याची लेखी तक्रार ही यंत्राच्या नोंदीइतकीच अधिकृत नोंद मानावी आणि तिला ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळावे. तिवऱ्याच्या लोकांनी जे पाहिले ते जगातील कोणत्याही तंतूपेक्षा कमी अचूक नव्हते. चौथी : उभारणीच्या निधीबरोबरच राखणीचा निधीही मंजूर व्हावा. तार तुटलेला सेन्सर खोटा दिलासा देतो, आणि तो नसण्याहून घातक असतो.

३१/ पाचवी : २००५ च्या कायद्यानुसार स्थापन होणाऱ्या पाणी वापर संस्थांना पाणी वाटपाबरोबर पाहणीचाही अधिकार आणि मोबदला मिळावा. पाटकऱ्याची जागा नव्याने निर्माण करता येते. या वेळी तीत भूमिहीन आणि स्त्रियाही असाव्यात. त्याच्या किंवा तिच्या हाती मोबाइल असेल, पायाखाली तोच पाट असेल. अशा माणसाच्या हाती काँक्रीटची नोंद पडली, तर ती उपयोगाची ठरेल.

३२/ ‘तंत्रज्ञानाला विरोध’ असा शिक्का या मांडणीवर कोणी मारू पाहील. त्याने कोयना आणि सावित्री ही दोन उदाहरणे पुन्हा वाचावीत. विरोध आहे तो यंत्र विकत घेऊन जबाबदारी विकून टाकण्याच्या सवयीला. चेन आणि चुंग यांनी काँक्रीटला बोलते केले. ऐकणाऱ्याची सोय करणे हे प्रयोगशाळेचे काम नाही. ते शासनाचे काम आहे, आणि करून घेणे हे नागरिकांचे.

३३/ तरुण इतिहासप्रेमींसाठी यात एक प्रत्यक्ष काम आहे. किल्ले आणि लेणी यांच्याइतक्याच निष्ठेने आपल्या तालुक्यातील बंधारे, पूल आणि पाझर तलाव यांची नोंद व्हावी : बांधले केव्हा, दुरुस्त केव्हा झाले, गळती कोठे, तक्रार कोणत्या तारखेची, उत्तर आले की नाही. पानशेतचा आणि तिवऱ्याचा इतिहास माणसे गेल्यावर लिहिला गेला. पांझरेच्या काठचा इतिहास पुढच्या पावसाळ्याआधी लिहिता येईल.